सोळा रात्रींचा युरोप

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

युरोपची सहल म्हटलं की आपल्याकडे पहिला प्रश्न येतो तो ‘किती देश?’ हा. जाहिरातीही त्याच भाषेत बोलतात. बारा दिवसांत सात देश, पंधरा दिवसांत दहा देश. आपल्यालाही वाटतं, एवढा खर्च करतोच आहोत तर जास्तीत जास्त देश पदरात पाडून घ्यावेत. भाजी घेतल्यावर वर चार मिरच्या आणि कोथिंबिरीची काडी मागून घ्यावी, तसंच हे. पण बेताच्या पैशांत, स्वतः आखणी करून जायचं असेल तर हा प्रश्न जरा बाजूला ठेवावा आणि ‘रात्री किती, मुक्काम किती?’ असं विचारावं. कारण तिथे पैसा आणि वेळ सर्वांत जास्त जातो तो एका गावातून उठून दुसऱ्या गावी जाण्यात.

मी हे सांगते आहे ते आमच्या घरच्या हिशेबाच्या वहीवरून. मी टपाल खात्यातून निवृत्त झाले. आम्ही दोघं, माझे मोठे दीर आणि जाऊबाई अशा चौघांनी जानेवारी २०२० मध्ये प्रत्येकी महिना अडीच हजारांची पाच वर्षांची आवर्ती ठेव सुरू केली. पोस्टातलंच खातं, दर ७.२ टक्के. जानेवारी २०२५ मध्ये माणशी एक लाख ऐंशी हजारांच्या आसपास रक्कम हातात आली. एवढ्यातच सगळं बसवायचं, मुलांकडून काही घ्यायचं नाही, हे आधीपासून ठरलेलं होतं. चौघंही साठीच्या पुढचे, जाऊबाईंचा एक गुडघा दुखरा. म्हणजे ‘या वेळी राहिलं ते पुढच्या वेळी पाहू’ असं म्हणायची सोय नव्हती.

भाऊजींनी यादी केली होती. लंडन, पॅरिस, ॲमस्टरडॅम, स्वित्झर्लंड, व्हेनिस, रोम, व्हिएन्ना आणि प्राग. आठ ठिकाणं, सोळा रात्री. कागदावर प्रत्येक ठिकाणी दोन रात्री सुबक बसत होत्या. पण दोन रात्री म्हणजे मधला एकच पूर्ण दिवस, हे लक्षात घ्यायला हवं. सकाळी सामान बांधायचं, अकराच्या सुमारास खोली सोडायची, स्टेशन गाठायचं, चार-पाच तासांचा प्रवास, उतरल्यावर नवं गाव, नवी तिकीट यंत्रणा, घर शोधायचं, किल्ली घ्यायची. संध्याकाळचे पाच वाजलेच. आठ ठिकाणं म्हणजे असे सात दिवस. सोळांतले सात दिवस नुसते पेटी ओढण्यात जाणार असतील तर युरोप पाहायचा कधी? शिवाय प्रत्येक हलण्याला पैसे पडतात. गाडीचं तिकीट पडतंच, पण ते सोडून स्टेशनावर जाण्या-येण्याचा खर्च, सामान ठेवण्याच्या कपाटाचे पैसे, वाटेतलं महाग खाणं. आणि एकाच गावी राहिलं तर मिळणारा अनेक दिवसांचा बसचा पास, घरी रांधून खाण्याची सोय, या दोन्हींवर पाणी.

लंडन पहिल्या बैठकीतच गळलं. ब्रिटन शेंगेन व्यवस्थेत नाही, त्याचा व्हिसा वेगळा काढावा लागतो आणि त्याचे पैसेही वेगळे. दोन रात्रींसाठी ते परवडणारं नव्हतं. बाकीच्या सात ठिकाणांची काटछाट करताना मात्र वाद झाले. शेवटी आम्ही असं केलं, की प्रत्येकानं एकच गोष्ट सांगायची, जी न पाहता परतलो तर मनाला लागून राहील. एकच. देशाचं नाव घ्यायचं नाही, गोष्ट सांगायची.

जाऊबाई जिल्हा परिषदेच्या शाळेत चित्रकला शिकवायच्या. त्यांनी क्षणाचाही विलंब न लावता सांगितलं, मोनेची कमळं. पॅरिसच्या ओरांजरी संग्रहालयात क्लोद मोनेची कमळतळ्याची प्रचंड चित्रं दोन लंबगोल दालनांत भिंतीभर लावलेली आहेत. १९२७ पासून ती तिथे आहेत. वीस-बावीस वर्षं त्या मुलांना पुस्तकातल्या हातभर चित्रावरून ती समजावून सांगत होत्या. भाऊजी एसटीच्या वर्कशॉपमधले. त्यांना म्युनिकचं डॉइचेस म्युझियम हवं होतं; इसार नदीतल्या बेटावरचं, १९०३ मध्ये स्थापन झालेलं यंत्रांचं आणि विज्ञानाचं संग्रहालय. ते त्यांच्या यादीत नव्हतंच, ही गंमत पाहा. यादी जाहिरातीवरून केलेली, आवड मनात वेगळीच. आमच्या यांना बर्फाचे डोंगर आणि त्यांच्या पायथ्याशी तळं हवं होतं. मला एका परक्या शहरात चार दिवस एकाच घरात राहायचं होतं, पिशवी घेऊन बाजारात जायचं होतं, ट्रामनं फिरायचं होतं.

आता हे चार खिळे नकाशावर ठोका. पॅरिस, म्युनिक, डोंगर-तळी आणि एखादं मोठं पण फार महाग नसलेलं शहर. पॅरिसहून पूर्वेकडे म्युनिक सहा तासांच्या आसपास, थेट गाडी आहे. म्युनिकहून साल्झबुर्ग दोन तासांच्या आत. साल्झबुर्गच्या पूर्वेला लागूनच साल्झकामरगूट हा तळ्यांचा प्रदेश. तिथून व्हिएन्ना अडीच तास आणि व्हिएन्नाहून प्राग चार तास. सगळी गावं एका माळेत येतात, कुठे मागे वळावं लागत नाही. पॅरिस चार रात्री, म्युनिक दोन, साल्झबुर्ग तीन, व्हिएन्ना चार, प्राग तीन. देश विचाराल तर चारच, फ्रान्स, जर्मनी, ऑस्ट्रिया आणि चेक प्रजासत्ताक. हलणं चार वेळा. स्वित्झर्लंड गेलं, कारण तिथलं राहणं-खाणं आमच्या वहीत बसत नव्हतं. आल्प्स ऑस्ट्रियातही तेच आहेत. यांची त्यावर अजून कुरकुर चालू असते. रोम गेलं याचं मलाही वाईट वाटतं. रोम घेतलं असतं तर आडवाटेला दोन दिवस गेले असते आणि साल्झबुर्ग किंवा म्युनिक सोडावं लागलं असतं.

अशा माळेला शोभणारं विमानाचं तिकीट म्हणजे जाताना मुंबई-पॅरिस आणि येताना प्राग-मुंबई. आरक्षणाच्या संकेतस्थळावर ‘मल्टी सिटी’ असा पर्याय असतो, तो निवडायचा. पुष्कळ लोक सवयीनं एकाच शहराचं जाण्या-येण्याचं तिकीट काढतात आणि शेवटी प्रागहून पुन्हा पॅरिस गाठतात. त्यात एक दिवस आणि वरचं एक तिकीट फुकट जातं. दोन्ही तिकिटांच्या किमती ताडून पाहाव्यात. आमच्या वेळी फरक जेमतेम दोन हजारांचा होता.

आता व्हिसा. इथे थोडं सावकाश जाऊ, कारण सर्वांत जास्त गैरसमज इथेच आहेत. लक्झेंबर्गमध्ये मोझेल नदीकाठी शेंगेन नावाचं छोटं गाव आहे. १४ जून १९८५ रोजी पाच देशांनी तिथे आपसांतल्या सरहद्दींवरची तपासणी उठवण्याचा करार केला. आज त्या व्यवस्थेत २९ देश आहेत. स्वित्झर्लंड युरोपीय संघात नाही, पण यात आहे. आयर्लंड संघात आहे, पण यात नाही. क्रोएशिया २०२३ मध्ये आला, रुमानिया आणि बल्गेरिया १ जानेवारी २०२५ पासून पूर्णपणे आले. एका देशानं दिलेला शेंगेन व्हिसा सर्वसाधारणपणे या सगळ्या देशांत चालतो. कोणत्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येतं.

मग अर्ज कुठल्या देशाकडे करायचा? नियम स्पष्ट आहे. ज्या देशात तुमचे सर्वांत जास्त दिवस जाणार, त्या देशाकडे. दिवस सारखेच असतील तर ज्या देशातून पहिला प्रवेश करणार, त्याच्याकडे. आमचं विमान उतरणार पॅरिसला, पण रात्री मोजल्या तर फ्रान्समध्ये चार आणि ऑस्ट्रियात साल्झबुर्ग-व्हिएन्ना मिळून सात. म्हणून अर्ज ऑस्ट्रियाकडे केला. ऑस्ट्रियाच्या व्हिशावर पॅरिसला उतरू देतील का, अशी भीती भाऊजींना शेवटपर्यंत वाटत होती. तिथल्या अधिकाऱ्यानं व्हिसा पाहिला, कुठे कुठे जाणार ते विचारलं आणि शिक्का मारला. ‘अमुक देशाचा व्हिसा सोपा मिळतो’ असं कुणीतरी सांगतं म्हणून तिकडे अर्ज करायचा आणि दिवस दुसरीकडेच काढायचे, हे मात्र करू नये. दौऱ्याचा आराखडा आणि राहण्याच्या पावत्या अर्जाला जोडाव्या लागतात, त्यात ते उघड दिसतं.

अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि निदान पंधरा दिवस आधी करावाच लागतो. निकाल साधारण पंधरा दिवसांत येतो, पण पंचेचाळीस दिवसांपर्यंत लागू शकतात. उन्हाळ्याच्या सुट्टीच्या तोंडावर अर्ज केंद्रावरची वेळच मिळत नाही, तेव्हा मेमध्ये जायचं तर जानेवारी-फेब्रुवारीत हात घालावा. प्रौढांसाठी शुल्क जून २०२४ पासून ९० युरो आहे, सहा ते अकरा वर्षांच्या मुलांना ४५, त्याहून लहानांना काही नाही. केंद्राचं सेवाशुल्क वेगळं. व्हिसा नाकारला तरी हे पैसे परत मिळत नाहीत, ही गोष्ट ध्यानात ठेवून कागद नीट लावा. बँकेचे उतारे, प्राप्तिकर विवरणपत्रं, निवृत्तिवेतनाचे कागद, दिवसवार आराखडा, राहण्याची आरक्षणं, विमानाचं आरक्षण आणि प्रवास विमा. विमा निदान ३० हजार युरोंचा आणि सगळ्या शेंगेन देशांत चालणारा हवा. पारपत्र परतीच्या तारखेनंतर निदान तीन महिने चालू असलं पाहिजे. बोटांचे ठसे द्यायला स्वतः जावं लागतं. एकदा दिलेले ठसे ५९ महिने चालतात.

माझं टपाल खात्यातलं डोकं इथे कामी आलं. आराखडा, आरक्षणं आणि विमा या तिन्हींतल्या तारखा एकमेकींशी तंतोतंत जुळतात का, हे मी तीनदा ताडून पाहिलं. आराखड्यात एक रात्र जरी अशी निघाली की तुम्ही कुठे झोपणार ते सांगता येत नाही, तर प्रश्न उभा राहतो. राहण्याची आरक्षणं रद्द करता येतील अशीच केली, मग ती दोन-तीन युरोंनी महाग असली तरी. विमानाचे पूर्ण पैसे व्हिसा हातात पडल्यावरच भरले. ट्रॅव्हल एजंटाकडून काही दिवस राखून ठेवलेलं आरक्षण अर्जासाठी चालतं.

आणखी एक ताजी गोष्ट. १२ ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेनच्या सीमेवर बाहेरच्या पाहुण्यांची नोंद संगणकावर, ठसे आणि छायाचित्र घेऊन करण्याची पद्धत टप्प्याटप्प्यानं सुरू झाली. पहिल्या खेपेला रांगेत वेळ जातो. तेव्हा उतरल्या दिवशीच पुढची गाडी किंवा दुसरं विमान पकडायचं असेल तर मध्ये चांगले चार तास ठेवा.

राहण्याचं सांगायचं तर चौघांना दोन हॉटेल-खोल्यांपेक्षा स्वयंपाकघर असलेलं दोन खोल्यांचं घर स्वस्त पडतं. पॅरिसमध्ये आम्ही मध्यवस्ती सोडून मेट्रोच्या टोकाकडे घर घेतलं. घर घेताना भाड्याच्या आधी दोन गोष्टी पाहायच्या, मेट्रो स्टेशन किती पावलांवर आहे आणि लिफ्ट आहे का. पॅरिस-व्हिएन्नातल्या जुन्या इमारती देखण्या असतात, पण पुष्कळ ठिकाणी लिफ्ट नसते, आणि चौथ्या मजल्याचं स्वस्त घर गुडघ्याला फार महाग पडतं. आणखी म्हणजे, बहुतेक शहरांत दर रात्रीमागे माणशी पर्यटन कर असतो. तो कधी भाड्यात धरलेला असतो, कधी तिथे रोख मागतात. म्युनिकला सप्टेंबरच्या उत्तरार्धात ऑक्टोबरफेस्ट भरतो, तेव्हा खोल्यांचे भाव कुठल्या कुठे जातात. ते दिवस टाळावेत. एरवी मे आणि सप्टेंबर हे महिने उत्तम. जुलै-ऑगस्टपेक्षा गर्दी कमी, आणि मेमध्ये संध्याकाळी साडेआठपर्यंत उजेड.

सामान मात्र आपलं आपल्याला उचलता येईल एवढंच न्यावं. हमाल दिसत नाहीत, आणि गाडीला दोन-तीन पायऱ्या असतात.

गाड्यांबद्दल. युरेल पास हे नाव आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे. १९५९ मध्ये सुरू झालेला हा पास युरोपबाहेरच्या लोकांसाठी असतो आणि आज तो ३३ देशांत चालतो. साठीच्या पुढच्यांना दहा टक्के सवलत आहे, मोठ्या माणसाबरोबर बारा वर्षांखालची दोन मुलं फुकट जातात. पण पास चांगला कुणाला? जो रोज उठून लांबचा प्रवास करणार आहे, आणि आज कुठे जायचं ते आज सकाळी ठरवणार आहे, त्याला. आमचे प्रवास चार, तेही तारीखवार ठरलेले. तिकडे लांब पल्ल्याच्या गाड्यांची तिकिटं विमानासारखी असतात, आधी घ्याल तेवढी स्वस्त. व्हिसा आल्याबरोबर, म्हणजे दोन-अडीच महिने आधी, आम्ही चारही तिकिटं काढली. माणशी सगळे मिळून ११५ युरोंच्या आसपास पडले. चार दिवसांचा पास याच्या दुपटीहून जास्त होता, शिवाय पॅरिस-म्युनिक गाडीचं आसन आरक्षण त्यावर वेगळं. फ्रान्स, इटली, स्पेनच्या वेगवान गाड्यांना पासधारकालाही आरक्षण सक्तीचं असतं, हे पास विकणाऱ्या जाहिरातीत बारीक अक्षरात असतं. जर्मनी-ऑस्ट्रियात बहुतेक गाड्यांना ते ऐच्छिक आहे.

ही स्वस्त तिकिटं त्याच गाडीला चालतात. गाडी चुकली तर तिकीट गेलं, म्हणून सकाळची पहिली गाडी घेऊ नये. जिथे दोन-तीन रेल्वे कंपन्यांत स्पर्धा आहे तिथे भाव उतरतात. साल्झबुर्ग-व्हिएन्ना आणि व्हिएन्ना-प्राग हे दोन्ही मार्ग तसेच. म्युनिक ते साल्झबुर्गसाठी तर ‘बायर्न तिकीट’ नावाची फार सोयीची गोष्ट आहे. एका तिकिटावर पाच जणांपर्यंत, दिवसभर, बव्हेरिया प्रांतातल्या साध्या गाड्यांनी कितीही फिरा. साल्झबुर्ग ऑस्ट्रियात असूनही तिथल्या मुख्य स्टेशनापर्यंत ते चालतं. कामाच्या दिवशी मात्र सकाळी नऊनंतरच. वेगवान गाडीत ते चालत नाही.

रात्रीच्या गाडीनं जावं म्हणजे हॉटेलचे पैसे वाचतात, हा सल्ला बरोबर आहे, पण गाडी अजून धावते का ते आधी पाहावं. पॅरिस-व्हिएन्ना ही रात्रीची गाडी डिसेंबर २०२१ मध्ये सुरू झाली आणि डिसेंबर २०२५ मध्ये बंद पडली. जुन्या माहितीपुस्तकांत ती सापडेल.

खाण्याचा भाग बायकांना विचारा. भाजणी, मेतकूट, पोहे, कोरडी चटणी, गोडा मसाला एवढं आम्ही बरोबर नेलं. तांदूळ, डाळ, भाजी तिथे घेतली. आल्डी, लिडल ही तिकडची स्वस्त वाणसामानाची दुकानं; ऑस्ट्रियात आल्डीला होफर म्हणतात. जर्मनीत आणि ऑस्ट्रियात रविवारी दुकानं बंद असतात, स्टेशनावरची एखाददुसरी सोडून. शनिवारी संध्याकाळीच भाजी-दूध आणून ठेवायचं. सकाळी घरी पोहे, दुपारी बरोबर पोळीची गुंडाळी किंवा पाव, रात्री घरी वरणभात. पाचही गावांत एकेकदा बाहेर जेवलो. नळाचं पाणी पाचही गावांत पिण्याजोगं. व्हिएन्नाचं पाणी तर आल्प्सच्या झऱ्यांतून १८७३ पासून नळानं येतं आणि त्याची चव वेगळी कळते. फ्रान्सच्या उपाहारगृहात नळाच्या पाण्याची सुरई मागितली तर फुकट देतात. बाटली मागितली की पैसे.

सहल कंपन्यांचा एक मुद्दा खरा आहे आणि तो सांगायला हवा. ज्यांना रोज दोन-तीन कोस चालवत नाही, जिने चढवत नाहीत, किंवा मोबाइलवर नकाशा पाहून रस्ता काढण्याचा ताप नको आहे, त्यांनी सरळ कंपनीबरोबर जावं. दारातून बस, रात्री भारतीय जेवण, सोबतीला मराठी बोलणारा माणूस, याला किंमत आहे. पॅकेजच्या रकमेवर टीसीएस म्हणून कर कापतात, तो विवरणपत्र भरताना हिशेबात धरून परत मागता येतो. मात्र कंपनी निवडतानाही पत्रकातले देश मोजू नका. कुठल्या गावात किती रात्री आहेत, हॉटेल शहरात आहे की तासभर दूर महामार्गावर, आणि यादीतलं ठिकाण आतून दाखवणार की बसच्या खिडकीतून, हे विचारा.

प्रवेशतिकिटांत पैसे वाचवायचे तर आधी कॅलेंडर पाहा. पॅरिसचं लूव्र आणि ओरांजरी मंगळवारी बंद, ओर्से आणि व्हर्साय सोमवारी. ओर्से, ओरांजरी यांना महिन्याच्या पहिल्या रविवारी तिकीट नसतं, पण वेळ आधी नोंदवावी लागते. शहराच्या मालकीच्या प्ती पाले, कार्नाव्हाले अशा संग्रहालयांत कायमचा संग्रह रोजच फुकट पाहता येतो. डिसेंबर २०२४ मध्ये पुन्हा उघडलेलं नोत्र दाम फुकट. लूव्रचं तिकीट आम्ही गेलो तेव्हा २२ युरो होतं. जानेवारी २०२६ पासून युरोपबाहेरच्या पाहुण्यांना ते ३२ युरो झालं आहे, तेव्हा चौघांच्या कुटुंबानं खरोखर आत जायचं आहे का, ते आधी घरी ठरवावं. व्हिएन्नाच्या शोनब्रुन राजवाड्याला तिकीट आहे, पण त्याची बाग फुकट, आणि आम्हाला बागच जास्त आवडली. ऑपेराला उभ्यानं पाहायची स्वस्त तिकिटं मिळतात. यांनी आणि मी एक अंक उभ्यानं ऐकला, मग पाय बोलू लागले. साल्झबुर्गहून तळी पाहायला सहल विकत घ्यायची गरज नाही. १५० क्रमांकाची साधी बस तळ्यांच्या काठाकाठानं बाड इश्लपर्यंत जाते. आम्ही वाटेत सांक्ट गिल्गेनला उतरलो, तळ्याकाठी बसून थालीपीठ खाल्लं. समोर डोंगरावर बर्फ होतं. यांनी स्वित्झर्लंडचं नाव त्या दिवशी काढलं नाही.

ओरांजरीला आम्ही सकाळची पहिली वेळ घेतली होती आणि त्या दिवशी दुसरं काहीच ठेवलं नव्हतं. दालनाच्या मधोमध बसायला बाक आहेत. जाऊबाई पहिल्या दालनात तास-दीड तास बसल्या. आजूबाजूला गट येत होते, कुणी झेंडी धरलेला माणूस दहा मिनिटांत सगळ्यांना फिरवून नेत होता. जाऊबाई मध्येच एवढंच म्हणाल्या, “पुस्तकात काठ दाखवत होते गं मी मुलांना. याला काठच नाहीये.” दोन रात्रींच्या पॅरिसमध्ये तो दीड तास कुठून आणला असता, हे मला ठाऊक नाही.

म्युनिकच्या संग्रहालयात काही दालनं दुरुस्तीसाठी बंद होती. तरी भाऊजींना संध्याकाळी बंद व्हायच्या वेळी हाताला धरून बाहेर काढावं लागलं.

पैशांबद्दल दोन बारीक पण महत्त्वाच्या गोष्टी. कार्ड वापरताना यंत्र विचारतं, रुपयांत भरायचे की युरोंत? नेहमी तिथलं चलन निवडा. रुपये निवडले की ते यंत्र स्वतःच्या भावानं रूपांतर करतं आणि तो भाव जवळजवळ नेहमीच वाईट असतो. प्रागमध्ये युरो नाही, कोरुना चालतो. तिथल्या रस्त्यावरच्या चलन बदलणाऱ्या दुकानांत पाटीवर एक आणि हातात दुसरंच पडण्याचा धोका आहे. म्हणून तिथे २०१९ पासून कायदाच आहे, की हजार युरोंपर्यंतचा व्यवहार तीन तासांच्या आत पावती दाखवून रद्द करता येतो. पावती टाकू नका. आणि सुटी नाणी जवळ ठेवा, स्टेशनावरच्या स्वच्छतागृहांना पैसे पडतात.

आता वहीतला हिशेब, माणशी, हजारांत. युरो ९५ रुपये धरला आहे. विमान ५८. व्हिसा आणि सेवाशुल्क ११. विमा ३. सोळा रात्रींचं राहणं ५२, त्यातला पॅरिसचा वाटा सर्वांत मोठा. गाड्या ११. शहरातल्या मेट्रो-ट्राम-बस ७. खाणं २१. प्रवेशतिकिटं साडेदहा. एकूण एक लाख साडेत्र्याहत्तर हजार. साडेसहा हजार हाताशी राखले होते, त्यांतले दोन हजार जाऊबाईंच्या गुडघ्याच्या पट्ट्याला आणि मलमाला व्हिएन्नाच्या औषधाच्या दुकानात गेले. विमानाचे आणि युरोचे भाव हलते असतात, त्यामुळे तुमचे आकडे वेगळे येतील. राहण्याला सगळ्यात आधी हात घाला, कारण तिथेच आखणीनं फरक पडतो.

शेवटी खास आमच्या सातारकरांसाठी. युरोपीय संघात बाहेरून दुधाचे पदार्थ आणि मांस नेता येत नाही. म्हणजे तुपाची बरणी, खवा आणि आपले कंदी पेढे, तिन्ही घरीच ठेवायचे. ताज्या फळांतही केळी, नारळ, खजूर, अननस, ड्युरियन एवढीच कागदाशिवाय चालतात. मेमध्ये जाणार असाल आणि पॅरिसला कुणी नातेवाईक हापूसची वाट पाहत असेल, तर त्याला आधीच फोन करून सांगा.